मॅकबेथ आपल्या पायांनी गेला

यंदाच्या थंडीत आमच्या भागातल्या एका हौशी मंडळाने शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ केलं आणि तेव्हापासून सावंतवाडी ते कणकवली नाटकवेड्या मंडळींत जो वाद पेटला आहे तो अजून विझायचं नाव घेत नाही. वाद चांगला आहे, पण घातला जातोय वाईट. नाटकात स्कॉटलंडचा सरदार मॅकबेथ आपल्या घरी पाहुणा आलेल्या डंकन राजाचा झोपेत खून करून गादी बळकावतो; वाद आहे तो दोष कोणाचा याचा. एक बाजू म्हणते, सरदार भला माणूस होता. वाटेत तीन चेटकिणी भेटल्या, घरी गेला तर बायको त्यांच्यावर कडी करणारी, आणि माणूस बुडाला. ‘बायलेन बुडवल्यान तेका’ हा या बाजूचा मालवणी सारांश. दुसरी बाजू म्हणते, छे, मुळातच तसो होतो तो. चेटकिणी भेटल्या नसत्या तर त्याने दुसरं निमित्त शोधलं असतं. मग दोन्हीकडून संवादांची फेकाफेक होते आणि शेवटी कोणीतरी समजूतदार गृहस्थ ‘थोडं हे, थोडं ते’ म्हणत चहा मागवतो. मला या तिघांचंही पटत नाही, आणि सगळ्यांत कमी त्या समजूतदार गृहस्थांचं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या दोन्ही बाजू एकमेकींशी भांडताना दिसतात, पण काम एकच करतात: खून करणाऱ्याला त्याच्या खुनापासून लांब नेतात. पहिली म्हणते त्याला बाहेरून ढकललं, दुसरी म्हणते आतून ढकललं. ढकललं याबद्दल दोघींचं एकमत. मॅकबेथ स्वतःच्या पायांनी चालत गेला असेल, ही शक्यता कोणाच्या हिशेबातच नाही. आणि नाटक तर नेमकं त्याच शक्यतेवर उभं आहे. परत फिरायची वाट उघडी असते, ती माणसाला दिसत असते, आणि तरी तो पुढे जातो, तेव्हा शोकांतिका होते. वाट बंदच असेल तर तो अपघात. वाट दिसायचे डोळेच नसतील तर तो निव्वळ खलनायक. अपघाताची हळहळ वाटते, खलनायकाचा संताप येतो. मॅकबेथ बघताना घशाशी जे येतं ते यातलं एकही नाही.

आता संहितेकडे वळू, कारण या वादात संहिता वाचलेली माणसं कमी आणि शेवटचा प्रयोग पाहिलेली जास्त आहेत. चेटकिणी मॅकबेथला काय सांगतात? तू ग्लॅमिसचा सरदार, तू कॉडॉरचा सरदार, तू पुढे राजा होशील. झालं. राजाला मार असं त्या म्हणत नाहीत. केव्हा, कसा, कोणाला बाजूला सारून, यातलं काहीही नाही. त्या माळरानावर खुनाचा विचार पहिल्यांदा उमटतो तो मॅकबेथच्याच डोक्यात, आणि तो उमटताच मॅकबेथ स्वतःच दचकतो. शेजारी उभा असलेला त्याचा सोबती सरदार बँको त्याला विचारतोसुद्धा: एवढं चांगलं भविष्य ऐकून तू घाबरलास का? आपल्याकडे देवळात कौल लावतात. पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि उजवी आधी पडते की डावी याची वाट बघत बसायचं. पाकळी कधी प्रश्न विचारत नाही. प्रश्न माणूस घरून घेऊन येतो. चेटकिणींनी मॅकबेथला जो कौल दिला त्याचा प्रश्न मॅकबेथने आधीच कधीतरी मनात मांडलेला होता.

इथे दुसरी बाजू खूश होणार. म्हणजे मुळातच होतं की नाही! थांबा. त्याच माळरानावर, त्याच क्षणी, त्याच चेटकिणींनी बँकोलाही भविष्य सांगितलं होतं: तू राजा होणार नाहीस, पण तुझ्या वंशात राजे होतील. बँको तेव्हाच सावध करतो की काळोखाचे हे हस्तक क्षुल्लक गोष्टीत खरं बोलून मोठ्या गोष्टीत घात करतात. इथपर्यंत पुष्कळांना आठवतं. पण दुसऱ्या अंकाच्या अगदी सुरुवातीला, खुनाच्या रात्री, बँको मुलाबरोबर अंगणातून जाताना काय म्हणतो ते कोणी आठवत नाही. त्याला झोप हवी आहे, पण झोपायची भीती वाटते. कारण विश्रांतीच्या वेळी मनात शिरणारे शापित विचार. ते आवरण्यासाठी तो दैवी शक्तींची प्रार्थना करतो. म्हणजे बँकोच्या आतही तेच आहे. बाहेरून तीच भविष्यवाणी, आतून तीच वळवळ. आणि त्यानंतर काही ओळींतच मॅकबेथला हवेत लटकणारा खंजीर दिसतो. दोघांना शेजारीशेजारी उभं करून शेक्सपिअरने एकाच दगडात दोन्ही बाजू पाडल्या आहेत. बाहेरचं समान, आतलंही जवळपास समान. फरक पडला तो एकाने विचार अडवायला हात वर केला आणि दुसऱ्याने खंजिरापुढे हात केला म्हणून. (बँको काही संत नव्हे. पुढे मॅकबेथवर संशय असूनही तो गप्प राहतो, आपल्या वंशाचं भविष्य खरं व्हावं अशी आशाही धरतो. पण गप्प राहणं आणि झोपलेल्या पाहुण्याच्या छातीत सुरा खुपसणं यात अंतर आहे, आणि माझा सगळा युक्तिवाद त्या अंतरात आहे.)

बायकोचं काय? मी हा मुद्दा झटकणार नाही, कारण पहिल्या बाजूचा तोच सर्वांत दणकट आहे. पहिल्या अंकाच्या शेवटी मॅकबेथ खरोखरच माघार घेतो. एकटा असताना तो कारणं मोजतो: डंकन माझा नातलग आहे, माझा राजा आहे, माझ्या छपराखालचा पाहुणा आहे, पाहुण्यावर येणाऱ्या मारेकऱ्यासमोर दार लावायचं माझं काम, स्वतः सुरी धरायची नव्हे. शिवाय राजा भला आहे. आपल्याजवळ उडी घेणाऱ्या महत्त्वाकांक्षेखेरीज एकही कारण नाही, हेही तो स्वतःच कबूल करतो. मग बायको येते आणि तो तिला सांगतो, हे प्रकरण इथेच थांबवू. ती त्याला भेकड म्हणते, त्याच्या पुरुषपणाला हात घालते, आणि थोड्याच वेळात तो तयार होतो. ती नसती तर त्या रात्री खून झाला नसता, हे मी मान्य करतो. बिनशर्त. पण यातून सिद्ध काय होतं? तिने त्याला एकही नवं कारण दिलेलं नाही. कारणांच्या बाजूने बघाल तर तो तिच्या आधी वाद जिंकून बसला होता. आणि ती त्याला एक आठवणही करून देते जी आमचे वादपटू सोयीने विसरतात: हा बेत माझ्यापुढे पहिल्यांदा तूच काढला होतास. तिने दिली ती लाज आणि युक्ती. पहारेकऱ्यांना दारू पाजायची, रक्त त्यांना फासायचं. सगळं समजून उमजून, न करण्याचा निर्णय स्वतःच्या तोंडाने उच्चारून, मग तो उलटवणाऱ्या माणसाला ‘ढकललेला’ म्हणायचं असेल तर जगात स्वतःहून कोणी काही करतच नाही.

नाटकाचा पुढचा भाग तर पहिल्या बाजूला पारच अडचणीत आणतो. बँकोचा खून कोणी सुचवला? चेटकिणींनी नाही. बायकोने नाही, तिला तो मुद्दाम अंधारात ठेवतो, काम झाल्यावर शाबासकी दे म्हणतो. विरोधात गेलेल्या सरदार मॅकडफची बायको, मुलं, घरातली माणसं कापून काढायचा हुकूम? तिथे तर कसला डावपेचही नाही, मॅकडफ केव्हाच निसटलेला. यापुढे मनात आलं की हातून झालंच पाहिजे, असं मॅकबेथ तेव्हा स्वतःशी ठरवतो. चौथ्या अंकात तो चेटकिणींकडे आपण होऊन जातो. आता त्यांना त्याला गाठावं लागत नाही. पहिल्या खुनाच्या आधी त्याला पानभर विचार करावा लागला, शेवटच्याच्या आधी चार ओळी. स्वभाव आधी घडून मग कृती झाली असती तर हा उतार दिसलाच नसता. कृतीमागून कृती झाली आणि तिने स्वभाव घडवला. ‘मुळातच तसा’ असलेला मॅकबेथ नाटकात आहे, पण पाचव्या अंकात. पहिल्या अंकात तो शोधणारे नाटक उलटीकडून वाचतात.

शेक्सपिअरने हे अजाणता केलं असंही नाही. त्याने कथा घेतली ती राफेल हॉलिन्शेडच्या बखरीतून. त्या बखरीतला मॅकबेथ आपल्या मॅकबेथपेक्षा कितीतरी जास्त सबबी घेऊन येतो. तिथला डंकन मऊ, कारभारात ढिला. मॅकबेथचा गादीवर स्वतःचाही दावा आहे आणि डंकन पोराला वारस नेमतो तेव्हा तो दावा डावलला जातो. बँकोसकट मित्र कटात सामील आहेत. आणि राज्य मिळाल्यावर हा मॅकबेथ दहा वर्षं चांगला कारभार करतो. इतिहासातला डंकन तर १०४० मध्ये लढाईत पडला आणि मॅकबेथने पुढे सतरा वर्षं राज्य केलं. शेक्सपिअरने हे सगळं काढून टाकलं. राजा भला केला, दावा पुसला, सोबती काढले, चांगल्या कारभाराची वर्षं उडवली. नाटक १६०६च्या सुमाराचं. इंग्लंडच्या गादीवर पहिला जेम्स, जो स्वतःला बँकोचा वंशज म्हणवत होता, त्यामुळे बँको स्वच्छ करण्यात राजकारणही होतं, हे कबूल. पण बँको स्वच्छ झाल्याबरोबर मॅकबेथ एकटा पडला. ज्याने चेटूकविद्येवर स्वतः पुस्तक लिहिलं होतं अशा राजासमोर सगळं खापर चेटकिणींवर फोडणं नाटककाराला किती सोपं होतं! त्याने ते केलं नाही.

आता आपल्या घरची उदाहरणं, कारण विरोधी बाजूचं सर्वांत मोठं बळ तिथे आहे. मंथरा. वाल्मीकींच्या रामायणात रामाच्या अभिषेकाची बातमी ऐकून कैकेयी आनंदाने मंथरेला दागिना देते. मत्सराचा मागमूस नाही. आणि एका बैठकीत मंथरा तिला कोपभवनात पाठवते. बाहेरच्या प्रभावाचं याहून शुद्ध उदाहरण मला माहीत नाही आणि ते मी मानतो. फक्त पुढचं वाचा. त्या रात्री कैकेयीवर प्रभाव टाकणारी मंथरा एकटी आहे का? दशरथ पाय धरतो, बेशुद्ध पडतो, शुद्धीवर येऊन पुन्हा विनवतो. सकाळी सुमंत्र बोलतो, वसिष्ठ बोलतात. प्रभावांची मोजदादच करायची तर पारडं दशरथाकडे केव्हाच झुकलेलं आहे. एका दासीचं ऐकायचं आणि नवऱ्याचं, मंत्र्याचं, गुरूचं ऐकायचं नाही, हे कोण ठरवतं? प्रभाव एका बाजूनेच येत असता तर सिद्धांत टिकला असता. मॅकबेथच्या कानाशीही बायको होती तसा बँको होता, आणि वरच्या खोलीत विश्वासाने झोपलेला राजा होता.

विज्ञानाचा दाखला देणारे एक तरुण प्राध्यापक या वादात आहेत आणि त्यांचा मुद्दा इतरांपेक्षा बरा आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रॅम यांनी प्रयोग केला. साध्यासुध्या माणसांना सांगितलं, पलीकडच्या माणसाचं उत्तर चुकलं की विजेचा झटका द्या, दर वेळी जास्त. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. पहिल्या प्रसिद्ध प्रयोगात ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले, कारण शेजारी उभा असलेला अधिकारी ‘चालू ठेवा’ म्हणत होता. हे आकडे कोणाचीही घमेंड उतरवतात. आपण त्या २६ मध्ये नसतो असं छातीवर हात ठेवून म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. परिस्थिती माणसांच्या घोळक्याला कुठे नेते हे त्यातून कळतं, आणि कायदे करणाऱ्यांनी, शाळा चालवणाऱ्यांनी, पोलीस ठाणी चालवणाऱ्यांनी ते ध्यानात घ्यायलाच हवं. पण त्याच प्रयोगाच्या दुसऱ्या एका प्रकारात शेजारी बसवलेल्या दोन सोबत्यांनी नकार दिला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी फक्त ४ उरले. म्हणजे बाहेरचा प्रभाव नकाराचाही असतो, आणि तो कोणीतरी माणूस आधी नाही म्हणाल्यामुळेच निर्माण होतो. ज्यांनी झटके दिले त्यांनाही घाम फुटला होता, हात कापत होते, ते थांबू का म्हणून विचारत होते. त्यांना कळत होतं. कळत असून पुढे जाणं हे यंत्राचं लक्षण नव्हे.

स्वभाववाद्यांकडे वळतो. त्यांच्याकडे गीता आहे. तिसऱ्या अध्यायात अर्जुन आपल्या वादाचा प्रश्नच विचारतो: मनात नसतानाही, कोणी बळजबरीने जुंपल्यासारखा माणूस पाप का करतो? उत्तर येतं काम आणि क्रोध यांचं, म्हणजे आतलं. त्याआधी तर ‘प्रकृतिं यान्ति भूतानि निग्रहः किं करिष्यति’ असंही येऊन गेलंय: प्राणी आपल्या प्रकृतीप्रमाणे जातात, निग्रह काय करणार? एवढ्यावर पुष्कळजण पोथी मिटतात. पण लगेच पुढचा श्लोक सांगतो की आसक्ती आणि द्वेष इंद्रियांच्या विषयांत ठाण मांडून आहेतच, त्यांच्या ताब्यात जाऊ नकोस. प्रकृतीच सगळं ठरवत असेल तर ही ताकीद कोणाला? ज्याच्या हातात काहीच नाही त्याला कोणी ‘जाऊ नकोस’ म्हणत नाही. दुर्योधनाच्या तोंडी घातलेला तो प्रसिद्ध श्लोकही असाच अर्धवट वापरला जातो: धर्म मला कळतो पण तिकडे माझी प्रवृत्ती नाही, हृदयात बसलेला कोणी देव जसं लावतो तसं मी करतो. लोक तो मनुष्यस्वभावाचा सिद्धांत म्हणून ऐकवतात. मला तो आरोपीचा जबाब वाटतो, आणि जबाब देणाऱ्याचं नाव दुर्योधन आहे हे विसरायचं नसतं.

आमच्या दशावतारात हा प्रश्न दर जत्रेला रंगमंचावर येतो, आणि तिथल्या नटांना तो या वादपटूंपेक्षा चांगला कळलेला आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. आख्यानाला लिहिलेले संवाद नसतात. कथा ठरते, पात्रं वाटली जातात, बाकी सगळं उभ्या उभ्या. नारद येतो, राजाच्या कानाला लागतो, काडी टाकून निघून जातो. प्रेक्षक हसतात. पण नारद गेल्यावर राजपार्ट करणारा नट रंगमंचावर एकटा उरतो, आणि आता का चिडायचं, कशासाठी चालून जायचं, ते त्याला स्वतःच्या शब्दांत, हार्मोनियमवाल्याकडे एक नजर टाकून, तिथल्या तिथे शोधावं लागतं. नारदाने कारण दिलं म्हणून भागत नाही. राजाला ते आपलं करावं लागतं. कच्चा नट तिथे ‘नारदमुनींनी सांगितलं, आता युद्ध’ म्हणून मोकळा होतो आणि प्रेक्षक चहाच्या टपरीकडे उठून जातात. कसलेला नट तिथेच रात्र जिंकतो.

आणि मग राघोबादादा. मराठी माणसाने मॅकबेथवर बोलावं आणि राघोबादादांचं नाव काढू नये हे शक्य नाही. अटकेपर्यंत फौजा नेणारा सेनानी, पुतण्याच्या हाताखाली राहण्याची सल, आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी केलेला नारायणरावांचा खून. ‘ध’ चा ‘मा’ ही आख्यायिका आपण चौथीच्या पोरालाही सांगतो: दादांनी धरावं लिहिलं होतं, आनंदीबाईंनी मारावं केलं. गुहागरच्या ओकांची ही लेक अडीचशे वर्षं एका अक्षरासाठी शिव्या खातेय. समजा, आख्यायिका शब्दशः खरी धरली. तरी दादांचं काय? १७६२ मध्ये आळेगावला थोरल्या पुतण्याविरुद्ध, माधवरावांविरुद्ध, निजामाची मदत घेऊन ते लढले, तेव्हा कुठला कागद कोणी बदलला होता? १७६८ मध्ये धोडपला पुन्हा तेच. भाडोत्री गारद्यांना राजवाड्यात घुसवून पेशव्याला धरायचं ठरवणारा माणूस, त्यात रक्त सांडू शकतं हे ओळखत नव्हता, असं मानायचं? आणि खुनानंतर? मार्च १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह करून दादांनी साष्टी आणि वसई देऊ केली. वसई म्हणजे १७३९ मध्ये त्यांच्या सख्ख्या काकांनी, चिमाजी आप्पांनी, हजारो माणसं खर्ची घालून पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्ला. उत्तर कोकणचा तो किनारा तहनाम्यात घालताना अक्षर खोडायला कोणी बाई मागे उभी नव्हती. मॅकबेथच्या बँकोसारखीच दादांची वसई. पहिल्या गुन्ह्यासाठी दुसऱ्याचं नाव सापडतं, दुसऱ्यासाठी सापडत नाही.

इथे मला या वादातली सर्वांत खटकणारी गोष्ट सांगायची आहे. बाहेरचा प्रभाव म्हणून आपण ज्यांची नावं घेतो ती यादी जरा बघा. चेटकिणी. बायको. कुबडी दासी. गांधारहून आलेला मामा. आनंदीबाई. प्रत्येक वेळी बाई, नाहीतर दासी, नाहीतर परका. शकुनीचंच घ्या: राजसूय यज्ञातलं वैभव बघून जळणारा दुर्योधन आपण होऊन शकुनीपाशी मन उघडं करतो, जीव द्यायच्या गोष्टी करतो, त्यानंतर शकुनी द्यूताची युक्ती काढतो. मत्सर भाच्याचा, फासे मामाचे. पण पोरांना गोष्ट सांगताना मामाच पुढे येतो, कारण राजपुत्र आपला आणि मामा बाहेरचा. हे गोष्टीपुरतंच राहिलं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. घरातला कर्ता दारूत बुडाला, धंदा बसला, पोर बिघडलं की ‘कोणीतरी केलंय’ म्हणत बोट वाडीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे वळतं. २०१३ मध्ये महाराष्ट्राला जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला तो चेटकीण ही केवळ नाटकातली गोष्ट नाही म्हणून. ‘त्याला कोणी बिघडवलं’ हा प्रश्न सहानुभूतीतून येतो, आणि उत्तराची किंमत तिसऱ्याच कोणाला मोजावी लागते.

स्वभाववाद्यांनी यावर हसू नये. त्यांच्याही सिद्धांताचा कायदा होऊन गेलेला आहे. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या, हजेऱ्या आल्या, वस्त्यांभोवती कुंपणं आली. १९५२ मध्ये स्वतंत्र भारताने तो शिक्का पुसला, कागदावरून तरी. ‘मुळातच तसे’ या तीन सेकंदांच्या वाक्याने पिढ्यांचं वाटोळं केलं. आजही ‘त्या घराण्याचं रक्तच तसलं’ हे वाक्य आमच्याकडे लग्न मोडायला पुरतं.

नाटक सोडून रोजच्या व्यवहारात या दोन्ही बाजू कशा वागतात ते बघायचं असेल तर आमच्याकडच्या जमिनीच्या भानगडी बघा. महामार्ग रुंद झाला, समुद्र दिसणाऱ्या कातळालाही भाव आला, आणि दलाल वाडीवाडीत फिरू लागले. सातबाऱ्यावर सतरा नावं, निम्मी मुंबईला. गावातला भाऊ चाकरमान्यांची मुखत्यारपत्रं घेतो, ‘फक्त नोंदीच्या कामासाठी’ म्हणून, आणि गणपतीला माणसं गावी येतात तेव्हा आंब्याच्या बागेला दुसऱ्याचं कुंपण असतं. मग घरात तोच वाद. आई म्हणते, एजंटाने फसवला माझ्या झिलाक. वहिनी म्हणते, पहिल्यापासून तसलाच. पण तो एजंट त्या वाडीतल्या प्रत्येक घरी गेला होता. प्रत्येक ओटीवर पाणी प्यायला, तेच आकडे बोलला. काहींनी हाकलला. काहींनी हिस्सेदारांना फोन केला. एकाने सही केली. बाकीच्यांना पैशाचा मोह नव्हता असं म्हणणाऱ्याने कोकणात दोन पावसाळे काढून बघावेत.

यावर शेवटचा आक्षेप येतो आणि तो न्याय्य आहे: म्हणजे एजंट सुटला? मंथरा निर्दोष? लेडी मॅकबेथ मोकळी? अजिबात नाही. ही शंका येते कारण दोष म्हणजे जणू सामायिक जमीन, एकाचा हिस्सा वाढला की दुसऱ्याचा तितका घटला, असं आपण धरून चालतो. कायदा तसं धरत नाही. जुन्या दंड संहितेत होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे: चिथावणी दिली आणि त्या चिथावणीमुळे गुन्हा घडला तर, वेगळी तरतूद नसल्यास, चिथावणाऱ्याला त्या गुन्ह्याचीच शिक्षा. आणि म्हणून करणाऱ्याची अर्धी होत नाही. दोघांनाही पूर्ण. लेडी मॅकबेथला ‘प्रभाव’ ठरवण्यात तिच्यावरही अन्याय आहे. झोपलेला डंकन तिला वडिलांसारखा दिसला आणि तिचा हात उठला नाही. पाचव्या अंकात झोपेत चालत ती न दिसणारे डाग धूत राहते. तिची स्वतःची एक शोकांतिका आहे, तिला नवऱ्याच्या शोकांतिकेचं कारण म्हणून वापरलं की ती दिसेनाशी होते.

म्हणून मंडळाला एक विनंती. पुढचे प्रयोग होतील तेव्हा चेटकिणींना खुनाच्या प्रसंगात मॅकबेथच्या मागे हात पसरून उभं करू नका. संहितेत त्या तिथे नाहीत, आणि प्रेक्षकाचं अर्धं डोकं तिथेच भरकटतं. दोन तासांत नाटक बसवायला काहीतरी कापावं लागतं हे मला समजतं. दारवानाचा विनोद कापा, राजांच्या मिरवणुकीतले चार राजे कमी करा, पण अंगणातली बँकोची प्रार्थना ठेवा. ती अर्ध्या मिनिटाची आहे, आणि ती कापली की तोच मोह झालेला दुसरा माणूस मंचावर उरतच नाही.